सहा नंबरचं कार्ड

१५ फेब्रुवारी, गुरुवार

नाव दिलं! आता माघार नाही. तीन मार्चला क्लबची स्पर्धा — दहा मीटर पिस्तूल, नवशिक्यांचा गट. फॉर्मवर वय लिहिताना पेन अडखळलं. चव्वेचाळीस. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मुलीचं नाव आहे का?" म्हटलं, नाही हो, आईचंच!

नवऱ्याला सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "घरात तोफ होतीच, आता पिस्तूलपण."

हे खूळ लावलं त्याच्या बहिणीने. ताई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकं शिवतात, एकट्या राहतात आणि सहा वर्षं नेमबाजी करतायत. सात महिन्यांपूर्वी मला म्हणाल्या, "तुझा हात हलका आहे, एकदा येऊन तर बघ." हात हलका हे खरं. लॅबमध्ये रक्त द्यायला येणारे माझीच वाट बघत बसतात. "त्या बाईंनाच बोलवा, सुई कळतसुद्धा नाही." अठरा वर्षं शिरा शोधतेय, हात कधी हलला नाही.

पिस्तूल धरलं की मात्र हलतो. काय करावं!

२० फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरांनी आज नियम समजावले. चाळीस छर्रे, चाळीस कार्डं, एका कार्डावर एकच छर्रा. चाकाची मूठ फिरवायची की कार्ड तारेवरून जवळ येतं, ते काढायचं, नवीन लावायचं. सव्वा तासात संपवायचं.

मग म्हणाले, "चुकून शेजारच्याच्या कार्डावर मारलात, तर लगेच हात वर करायचा. तुमचा शून्य. शेजाऱ्याला दोन छिद्रांतला वरचा आकडा. आणि कुणीच हात वर केला नाही, तर दोन्ही छिद्रं त्याचीच धरणार. खालचा आकडा मिळणार, शिवाय दोन गुण कापणार."

मी हसले. एवढं वेंधळं कोण असेल?

मास्तर हसले नाहीत. माझी एक खोड त्यांना ठाऊक आहे. हात उचलला की मी आधी कार्डाच्या वरच्या पाटीवरचा जागेचा आकडा शोधते आणि मग तिथून खाली कार्डावर उतरते. सरावाला मी कायम सहा नंबरला उभी असते. सहाचा आकडा, त्याच्या शेपटीखाली काळा गोल — जमलं! ताईंनीही दोनदा टोकलंय. "आकड्यावरून उतरू नकोस गं, एक दिवस दगा देईल." हो हो म्हणते. सवय काही जात नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

ताईंबरोबर डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेले होते. उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आहे. मधोमध धूसर दिसणार, आणि ते वाढतच जाणार. नेमाचाच डोळा! डॉक्टर म्हणाले, "या वर्षी काय खेळायचं ते खेळून घ्या."

परतताना ताई मजेत होत्या. मजेत असल्याचं दाखवत होत्या. म्हणाल्या, "चारशेत तीनशे चाळीस झाले की वरच्या स्पर्धेला पाठवतात. सहा वर्षांत एकदाही गेले नाही. कधी तीनशे सदतीस, कधी अडतीस. हे शेवटचं वर्ष, आता काय होतंय ते होवो."

त्यांच्या पिशवीत छर्र्यांचे दोन डबे होते. एक मला दिला. "हे चपट्या तोंडाचे. स्पर्धेला मी हेच वापरते, तूही हेच वापर." महागाचे आहेत. माझे आपले सरावाचे, गोल डोक्याचे, स्वस्तातले. डबा कपाटात जपून ठेवला.

२ मार्च, शनिवार

उद्या. लॅबमध्ये सगळ्यांना सांगून बसलेय, तोंड आवरत नाही माझं. रिसेप्शनवरची म्हणाली, "मॅडम, पदक घेऊनच या." जणू कोपऱ्यावरून ब्रेडच आणायचा आहे.

पिशवी तीनदा भरली, तीनदा उपसली.

३ मार्च, रविवार

संध्याकाळचे सहा. नवरा शेजाऱ्यांना पदक दाखवायला गेलाय. तेवढ्यात लिहून काढते, नाहीतर धीर होणार नाही.

सकाळी पोचल्यावर पहिली गोष्ट कळली — चपट्या छर्र्यांचा डबा कपाटातच राहिला. एवढा जपून ठेवला की घ्यायचाच विसरले! पिशवीच्या तळाशी सरावाचे गोल होते, तेच काढले. तबकात दहा-दहाच्या चार ओळी लावल्या. बोटं ओली.

चिठ्ठ्या काढल्या. मला सात नंबर. माझा सहा ताईंना! मी पंचांना म्हटलं, आम्ही घरातल्याच आहोत, बदलून द्या ना. ह्या पंचांना सगळे फूटपट्टी म्हणतात. छिद्र मोजायला खिशात कायम पट्टी, आणि बोलणंही तेवढंच सरळ. "चिठ्ठी ती चिठ्ठी."

सातवर उभं राहिलं की सहा नंबरवाल्याची पाठच दिसते. सव्वा तास ताईंची पाठ. निळं जाकीट, कॉलरवर बाइंडिंगच्या डिंकाचा जुना डाग.

पहिल्या कार्डाला पिस्तुलात छर्रा न भरताच चाप ओढला. फुस्स! पाचव्याला कार्ड उलटं लावलं. बाराव्याला चष्म्यावर वाफ. बाजूला घड्याळ, मागे बाकावर नवरा. त्याचं खोकणंसुद्धा मला ऐकू येत होतं. तरी विसाच्या पुढे जरा सूर लागला. सात, आठ, सात.

एकतिसावं कार्ड. घाम पुसला, हात उचलला. डोळे वर गेले. सहाचा आकडा दिसला आणि बरं वाटलं. खरंच, ओळखीचं माणूस दिसल्यासारखं बरं वाटलं! तिथून खाली उतरले. काळा गोल स्थिर. हात मुळीच हलत नव्हता. चाप.

मूठ फिरवली. माझं कार्ड आलं — कोरं!

तेव्हा कळलं.

ताईंनी नुकताच आपला छर्रा मारला होता. त्यांचं कार्ड त्यांच्या हातात आलं, दोन छिद्रांचं. त्यांनी लगेच पंचांना हाक मारली. हात वर करायचा तो मी! तेवढंच करायचं होतं. माझा शून्य झाला असता, लोक हसले असते, संपलं असतं.

फूटपट्टी खुर्चीतून उठून येईपर्यंत मी काय केलं? माझं कोरं कार्ड परत पाठवलं, छर्रा भरला, मारला. सहा गुण. कुणी बघितलं नाही.

"कुणी मारलं सहावर? पाच नंबर? सात नंबर?" पाचवाला नाही म्हणाला. मीही नाही म्हणून मान हलवली. त्यांनी माझं कार्ड बघितलं. एक छिद्र. ठीक. सुई टोचताना लोकांना रोज सांगते, "काही नाही हो, झालंसुद्धा." तसंच झालं. झालंसुद्धा.

ताई म्हणाल्या, "मी एकच मारलाय." पंचांनी पट्टी लावली. एक छिद्र नवाचं, एक पाचाचं. "मग पाच. आणि वजा दोन." ताईंनी कार्ड मागून घेतलं. डोळ्याजवळ धरलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "असू दे. लिहा."

मागे वळून बघितलं नाही त्यांनी. एकदाही नाही. मी ती पाठ बघत उरलेले नऊ छर्रे मारले. म्हणजे तबकात आठच होते. तबकातल्या चार ओळी संपल्या आणि शेवटचं कार्ड उरलं. पिशवीतून एक्केचाळिसावा काढला.

ताईंचे तीनशे सदतीस. ते नऊ धरले असते, तर तीनशे त्रेचाळीस!

मला नवशिक्यांत तिसरा नंबर. पाच जणांत तिसरा. दोनशे अडुसष्ट. चौथीपेक्षा चारच गुण जास्त, म्हणजे त्या चोरीच्या सहावर मिळालेलं पदक. ते माझ्या गळ्यात ताईंनीच सरळ केलं. "दोरी पिरगळलीय बघ."

नवरा आला वाटतं.

४ मार्च, सोमवार

लॅबमध्ये टाळ्या. रिसेप्शनवरचीने फोटो काढला. आज पहिल्यांदा एका आजोबांना दोनदा टोचावं लागलं.

६ मार्च, बुधवार

पदक नवऱ्याने फ्रिजवर लावलंय. दूध काढायला गेलं की दिसतं. मी सकाळपासून कोरा चहा पितेय.

त्याने दोनदा विचारलं, "ताईचा फोन आला होता?" चोराच्या मनात चांदणं! मी खेकसले. बिचारा चपापून बाजूला झाला.

का बोलले नाही मी? घाबरून? फक्त घाबरून नाही. मागे नवरा बसला होता, लॅबमध्ये फुशारकी मारली होती, आणि शून्य नको होता. एवढंच. एवढ्याशासाठी त्यांचं शेवटचं वर्ष गेलं. स्वतःची लाज वाटते, असं नुसतं लिहायलाही लाज वाटते.

९ मार्च, शनिवार

ठरवून कारखान्यात गेले. सांगायचंच. पदक पर्समध्ये घेतलं होतं.

ताई दाराजवळच्या उजेडात बसल्या होत्या, दोरा तोंडाने ओला करत. सुईत ओवायला तीन खेपा लागल्या. मी म्हटलं, द्या इकडे. म्हणाल्या, "राहू दे, तुझी सुई वेगळी." आणि हसल्या. मग त्या हसण्यानेच माझं तोंड बंद झालं. तासभर बसून पानांच्या घड्या घालून दिल्या आणि मिठाची गुळणी धरल्यासारखी परत आले.

निघताना त्यांनी विचारलं, "तुला दिलेला डबा आहे ना? तेच वापरत जा. ते गोल टाकून दे. कागद फाडतात."

मी हो म्हटलं. त्यांना माझ्या छर्र्यांची काळजी!

१० मार्च, रविवार

क्लबमध्ये जाऊन फूटपट्टीसमोर पदक ठेवलं. सगळं सांगितलं. उभ्यानेच, एका दमात. त्यांनी वही काढली, माझ्या नावापुढचे सहा खोडले, शून्य लिहिला, दोनशे बासष्ट केले, सही घेतली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हटलं, आणि सहा नंबरचं कार्ड? म्हणाले, "नावं पाठवायची मुदत शुक्रवारी संपली, बाई. परवा आला असता, तर मी काहीतरी करू शकलो असतो."

परवा! शुक्रवारी मी काय करत होते? घरी बसून कपाट आवरत होते.

नवऱ्याला सांगितलं. उठून फ्रिजवरचा रिकामा खिळा काढायला गेला, मग आठवलं की ते चुंबक आहे. तेही काढून टाकलं. म्हणाला, "ताईला सांगितलंस?"

११ मार्च, सोमवार

तोंडाने सांगणं होत नाही. चिठ्ठी लिहिली. पाच ओळी. "तुमच्या कार्डावरचं दुसरं छिद्र माझं. मी हात वर केला नाही. तुमचे नऊ मी घालवले. क्लबात सांगितलं, पण उशीर झाला. माफ करा असं म्हणायची माझी लायकी नाही." नवऱ्याच्या हाती पाठवली. जाताना पुटपुटला, "दोघी दोन गल्ल्यांवर राहता आणि मला टपालवाला केलंत."

परत आला. "वाचली. चहा दिला."

१२ मार्च, मंगळवार

कामावर जाताना नवरा ताईंकडे डोकावला आणि पाकीट घेऊन उलट आला. आत ते दोन छिद्रांचं कार्ड. एवढं जवळून मी ते पहिल्यांदाच बघतेय. पाचाचं छिद्र कात्रीने कापल्यासारखं गोल. नवाचं फाटकं, कडेला कागदाचे धागे सुटलेले. मागे ताईंचं अक्षर, ओळ सोडून गेलेलं —

"कागद मला कळतो. फाटका नऊ तुझा आहे. माझा पाचच होता. दोन गुण कापले नसते, तरी तीनशे एकोणचाळीसच झाले असते. पण तू हात वर केला असतास, तर पंचांनी मला तुझा नऊ दिला असता. आणि मी तो घेतला असता. तो मोह नको, म्हणून मी मागे वळून बघितलं नाही."