हळद लागलेल्या पुंगळ्या

८ फेब्रुवारी, रविवार
काडतुसाच्या पितळी पुंगळ्या दाबायचा प्रेस आज नव्या टेबलावर बसवला. सागवानी फळी, खालून बोल्ट. आता वर रेडा उभा केला तरी हलायचं न्हाई.

सविता म्हणाली, "अण्णा, दोन दोन प्रेस काहून? सगळे एकावरच करतात."
सगळे करतात! सगळे रस्त्यावर थुंकतात बी. परत एकदा समजावून सांगितलं. झाडलेल्या पुंगळीत काजळी असते, तोंडाला माती असते, बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, जळकी. ती टोपी काढायची आन् फुगलेली पुंगळी दाबून मापात आणायची, ते या दांड्याखाली. हा घाणीचा प्रेस. नवी टोपी, दारू, गोळी भरायची ती आतल्या खोलीत, दुसऱ्या प्रेसवर. स्वैपाकाचा पाटा आन् न्हाणीतला दगड एक करतात का? तर म्हणते, "बरं." तिच्या बरंमध्ये जीवच नसतो. आईवर गेली.

पोलिसांत जलमभर आर्मरर होतो, बंदुका नीट करायचो. माझ्या हातची रायफल कुणाच्या तोंडावर उलटली न्हाई. अजून रेंजवर मोठमोठे साहेब उस्तादच म्हणतात.

२२ मार्चला पुण्याला राज्याच्या नेमबाजी संघाची निवड, सविता उतरणार. मोठ्या बोअरची रायफल. निवड झाली तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. अठ्ठावीस वर्षांची घोडी झाली, आता न्हाई तर कधीच न्हाई. नवं पितळ मिळत न्हाई, मिळालं तर वर्ष निघून जातं. भरायची परवानगी परवान्यावर हाये, म्हणून जुन्याच पुंगळ्या परत परत भरायच्या. म्हणजे पोरीचं नशीब माझ्या हातात हाये. तिनं ते ध्यानात ठेवावं.

११ फेब्रुवारी
परत परत भरलेली पुंगळी बुडाजवळ आतून झिजते. बारीक कडं पडतं. तशी पुंगळी झाडली की तिथंच तुटते, आन् गरम वायू मागं येतो, तोंडावर. म्हणून वाकडी तार आत घालून ओढायची. कडं असलं की तार अडखळते, बोटाला कळतं. एवढंच. पण बोट पाहिजे.

स. (सविता) बॅटरी घेऊन आत बघत होती. हिसकून घेतली. म्हणलं, डोळा फसतो, बोट फसत न्हाई. तिनं तार घातली तर निम्म्या पुंगळ्या बाजूला काढल्या. भित्री. त्यातल्या बहुतेक मी परत चांगल्यात टाकल्या.

१५ फेब्रुवारी, रविवार. महाशिवरात्र
वसमतहून बबनकडून हळद पॉलिश करायचा ड्रम आणला, लहान, हातानं फिरवायचा. धाकटा भाऊ कामाचा न्हाई पण त्याचा ड्रम कामाचा. भुसा टाकला, पुंगळ्या टाकल्या, फिरवला. ड्रममधी जुनी हळद बसलेली, ती कुणी झाडली न्हाई. मी बी बघितलं न्हाई, ते बबननं बघायला पाहिजे होतं. पुंगळ्या निघाल्या त्या पिवळ्याजर्द. आतून बाहेरून हळद.

बबन ड्रमसोबत आलेला, हसून म्हणाला, "दादा, पोरीच्या आधी पुंगळ्यांनाच हळद लागली की!"
स. बी हसली. मला राग आला. म्हणलं, "तुला कोण लावतंय हळद? दोन स्थळं आली, बंदुकीचा वास आला म्हणून उठून गेली." खरं तर स्थळं मीच परत पाठवली, पण तिला काय माहीत. तिचं हसू जागच्या जागी गेलं.

ती म्हणाली, "गरम पाण्यात धुऊन घेऊ अण्णा, हळदीखाली चीर दिसणार न्हाई." फडक्यानं पुसल्या. पाण्यात घालून आठ दिवस वाळवत कोण बसतं.

उपास. साबुदाणा कच्चा होता. सविताच्या मायला चाळीस वर्षांत साबुदाणा भिजवता आला न्हाई.

१८ फेब्रुवारी
सकाळी चहा. पितळी पेला भरून आणला, हातात धरून बसलो होतो. सविताची माय ओरडली, "अवो, खाली ठेवा, भाजला की हात!" बघितलं तर बोटाला फोड.
"कळालं न्हाई का तुमाला?"
कळालं, पण मी तुझ्यासारखा बोंबलत न्हाई, म्हणलं.
ती मग म्हणाली, "दिवाळीत पायात काटा गेला तवाबी कळालं नव्हतं. डॉक्टरनं साखर सांगितली हाये." बाईनं चहा द्यावा, डॉक्टरकी करू नये. डॉक्टरला साखर विकायची हाये.

थंडीनं बोटं बधिर होतात. फेब्रुवारीत थंडी असतेच.

२२ फेब्रुवारी, रविवार
आज पोरीला धडा शिकवला.

मी जेवायला गेलो तवा स. नं मी पास केलेल्या ढिगातून पुंगळी उचलली आन् करवतीनं उभी कापली. परत आलो तर टेबलावर दोन फाका. बोट ठेवून दाखवते, "अण्णा, हे बघा. बुडाजवळ कडं. तुमी चांगल्यात टाकली होती."

शेजारचे दोघं उभे होते. त्यांच्यासमोर!

मी पुढं झालो. तिनं स्वतः निवडून, दाबून, मापात आणून ठेवलेल्या पुंगळ्यांचा डबा घेतला. ऐरणीवर एकेक ठेवली आन् हातोड्यानं चपटी केली. सगळ्या. ती म्हणत राहिली, "अण्णा, नका. अण्णा, पितळ मिळत न्हाई आता." म्हणलं, तुला पितळ कापायची हौस हाये ना, मला ठोकायची. शेवटी शेवटी तिनं म्हणायचं सोडलं. दारात सविताची माय उभी होती, पदर तोंडात. कुणी हात धरला न्हाई. कोण धरणार.

लय बरं वाटलं. लिहून ठेवतो, लय बरं वाटलं.

शेडला कुलूप. किल्ली करदोड्याला. आता माझ्याच हातच्या पुंगळ्या.

१ मार्च, रविवार
रेंज.
पहिल्या काही गोळ्या नीट गेल्या. मग आवाजच वेगळा. फस्स. स. मागं सरकली, हात तोंडावर. चष्म्याची उजवी काच तडकलेली. गालावर डोळ्याखाली भाजलेलं, दोन बोटं वर असतं तर डोळा गेला असता. पुंगळी बुडाजवळच तुटली. बूड बाहेर आलं, बाकीची नळीतच अडकून बसली.

सगळे धावले. कुणीतरी म्हणालं, "उस्ताद, पितळ कुणी बघितलं होतं?"
मी म्हणलं, "हिनंच. पुंगळी दाबताना तेल जास्त लावते. बायकी हात." मोठ्यानं म्हणलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

स. नं माझ्याकडं बघितलं. एक डोळा मिटलेला, पाणी येत होतं. मला वाटलं आता सांगते. न्हाई सांगितलं. तुटकं बूड उचलून खिशात घातलं आन् स्वतःच चालत दवाखान्यात गेली. मी रायफल घेऊन घरी आलो. रायफल जपायला पाहिजे, महाग वस्तू.

४ मार्च
काल धुळवड. गल्लीत रंग. स. गालाला पट्टी बांधून घरात.

बबनला फोन केला आन् झाडला. तुझ्या हळदीनं तार घसरली, तुझ्यामुळं पोरीचं तोंड भाजलं. बबन म्हणाला, "दादा, हळद धुतली असती तर निघाली असती. तुमी सोन्यासारख्या माणसाला बी काजळी लावता." फोन ठेवला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

हळदीनंच झालं. दुसरं कशानं व्हईल.

७ मार्च
सगळ्या पुंगळ्या गरम पाण्यात धुतल्या. वाळवल्या. परत प्रेसवर घेतल्या. तार घालून बघून राहिलो. एक बी अडखळत न्हाई. सगळ्या चांगल्या. इतक्यांदा भरलेल्या पुंगळ्या आन् एक बी अडखळत न्हाई.

दुपारी जेवायला बसलो. भाकरी मोडली तर भाकरी लाल. मला वाटलं चटणी. सविताच्या मायनं ताट ओढून घेतलं आन् माझा हात उलटा केला. अंगठ्याचं टोक दांड्याखाली चेमटलेलं, नख अर्धं निघालेलं. कधी झालं, माहीत न्हाई. रक्त कोपरापर्यंत वाळलेलं.

तिनं नवी भाकरी दिली. स. समोर बसली होती, तिनं सगळं बघितलं आन् वरणाची वाटी जवळ ओढून जेवत राहिली. पोटची पोरगी! "लागलं का अण्णा" एवढं बी न्हाई.

१० मार्च
स. नं किल्ली मागितली. "माझ्या गोळ्या मला करू द्या."
म्हणलं, "माझ्या हातच्या नेशील, न्हाई तर घरी बस. चूल हाये, आईला मदत कर."
"माझा डोळा हाये अण्णा."
"आन् माझं नाव हाये."
बोलून गेलो. बोललो ते बराबरच होतं. पण तेव्हापासून मनात तेच चालू हाये.

१५ मार्च, रविवार
दुपारी शेडमधी आली. सोबत आई. टेबलावर दोन पुंगळ्या ठेवल्या, धुतलेल्या, लखलखीत.
"यातली एक तुटायला झालीये. तार घाला आन् सांगा कोणती."
मी म्हणलं, बापाची परीक्षा घेतेस? तुला चालायला कुणी शिकवलं?
तिनं फक्त तार पुढं केली.

सविताची माय मागून म्हणाली, "करा की. भेव काहून वाटून राहिलं?"

चाळीस वर्षांत ही बाई माझ्याशी अशी बोलली न्हाई. दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या, पण हात उठला न्हाई.

तार घातली. पहिलीत ओढली. दुसरीत ओढली. परत पहिलीत. डोळे मिटून बघितलं, श्वास धरून बघितला. तार आत हाये का बाहेर, हेच कळंना. जसं दुसऱ्याचं बोट लावलंय. त्या दोघी समोर उभ्या. घाम आला.

मग ठासून म्हणलं, "ही." डावीकडची दाखवली.

स. नं दोन्ही पुंगळ्या उचलल्या, ओढणीत बांधल्या.
"बराबर का?" मी विचारलं.
ती गेली. मी मागून ओरडलो, "बराबर का न्हाई, सांगून तर जा!"
आईनं दार ओढून घेतलं.

१७ मार्च
विचारलं. सांगत न्हाई. जेवताना विचारलं, सांगत न्हाई. मायला विचारलं, "मला काय कळतं पितळातलं, मी तर साबुदाणा बी भिजवू शकत न्हाई." ही वही आता कुठं लपवायची, हा बी प्रश्न हाये.

पुण्याच्या गोळ्या भरून झाल्या. माझ्या पुंगळ्या, माझ्या हातच्या. डब्याच्या झाकणावर पेन्सिलनं 'अ' काढला, अण्णाचा.

१९ मार्च
प्रेसच्या दांड्याला ताजं तेल. मी लावलं न्हाई. किल्ली करदोड्यालाच होती. आंघोळीच्या टायमाला खुंटीवर असते, तवाच घेतली असंल. टेबलाखाली पितळाचा बारीक चुरा, करवतीचा. भिंतीशी दुसरा डबा, तसलाच. तिनं पितळ कुठून आणलं? रेंजवरच्यांनी दिलं असंल. मला उस्ताद म्हणणाऱ्यांनीच.

कुलूप बदलावं वाटलं. न्हाई बदललं. काहून न्हाई बदललं ते लिहीत न्हाई.

२० मार्च
स. गेली पुण्याला. पाया पडली. गालावरचा डाग अजून काळा हाये. हातात एक डबा. झाकणावरचा 'अ' नव्हता, पुसलेला का मुळात नसलेला, कळंना.
"कोणता नेतेस?"
तिनं झाकण उघडून डबा माझ्यापुढं धरला. "हात लावून सांगा अण्णा. बोट फसत न्हाई ना."

हात लावला. रिक्षा उभी होती, रिक्षावाला बघत होता. गार हाये का गरम, ते बी कळालं न्हाई. हात काढून घेतला.
तिनं झाकण लावलं आन् गेली.

२२ मार्च, रविवार
शेडमधी बसलो हाये. समोर राहिलेला डबा. त्यावर बी 'अ' न्हाई, पुसून घेतला रांडेनं, न्हाई तर हा डबाच तिचा. गोळी उपसून पुंगळी आतून बघता येते. तार बी हाये. पण तार घालून मला काय कळणार? करवत हाये. करवतीला हात लावायचा धीर व्हईना.

हा डबा माझा असंल तर पोरगी बापाला खोटं पाडून गेली, आन् रेंजभर सगळ्यांना माहीत हाये. हा डबा तिचा असंल तर ती आत्ता माझ्या पुंगळ्या गालाशी लावून

भीती वाटते. लिहून टाकलं.

सविताच्या मायनं फोन आणून टेबलावर ठेवला, प्रेसजवळ. स्वतः दारात बसली, गहू निवडत. म्हणलं, तुझ्याकडं ठेव. म्हणाली, "न्हाई. तुमची पोरगी, तुमच्या पुंगळ्या. तुमीच उचला."

वाजला. पुण्याचा नंबर, सविताचा न्हाई. दुसऱ्याच कुणाचा तरी.

ती सूप खाली ठेवून माझ्याकडं बघून राहिली. वाजून राहिला. मी लिहून राहिलो.