तुमच्या वाट्याची नवी गाडी

प्रिय आप्पा,

आज दुपारी आम्ही नवी गाडी घरी आणली. ती दारात उभी आहे आणि मी स्वयंपाकघरात बसून तुम्हाला लिहिते आहे. बाहेर जाऊन तिच्याकडे बघायचीसुद्धा मला लाज वाटते. ही लाज दुसऱ्या कोणाला सांगू? ह्यांना सांगितलं तर म्हणतील, "आता झालं ते झालं." तुम्हीही तेच म्हणाला असतात. पण तुमच्या तोंडून मी ते ऐकून तरी घेतलं असतं.

तुम्ही रिटायर झालात त्या महिन्यातलं आठवतं? तुम्ही घरी आलात, चहा घेतलात आणि एकदम म्हणालात, "माई, गाडी घेऊया म्हणतो. नवी." आयुष्यभर एसटी चालवलीत. आधीचा ड्रायव्हर उतरला की तुम्ही चढायचात, सीट अजून गरमच असायची, हे तुम्हीच हसत सांगायचात.

आणि मी काय केलं? मी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसणारी बाई! लगेच मोबाईल काढून हिशोब मांडला. नवी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की तिची किंमत उतरते, आप्पा. विमा जास्त, रोड टॅक्स जास्त. शिवाय आपल्याकडची खारी हवा, ती काय पत्रा नवा-जुना बघत नाही. चार-पाच वर्षं वापरलेली घेतली, तिला टायर आणि बॅटरी नवी टाकली, तरी निम्म्यात काम होतं. तुम्ही मान हलवत ऐकत होतात. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी म्हटलं, "आणि ह्या वयात नवी गाडी दाखवायचीय कोणाला?"

तुम्ही कप खाली ठेवलात. "दाखवायची नाय गो. बसायचंय मला तिच्यात."

मी हसले. ह्यावर हसण्यासारखं काय होतं, आप्पा?

तुमचं लहानपण मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे! खोतांच्या घरचे जुने कपडे अंगणाच्या कडेला ठेवलेले असायचे. बौद्धवाडीतल्या पोरांनी ते उचलून न्यायचे, हातात कोणी द्यायचं नाही. शाळेचा पहिला सदरा तुम्हाला असाच मिळाला होता, ढोपरापर्यंत येणारा. हे सगळं मी तुमच्या मांडीवर बसून ऐकलेलं. पण हिशोब करताना त्यातलं काही माझ्या डोक्यात आलं नाही.

हातखंब्याला हायवेवर जुन्या गाड्यांचा तो धंदा आहे, तिथून आपण पांढरी गाडी घेतली. तुम्ही बॉनेट उघडून बघितलंत, फेरी मारलीत, "इंजिन बरं आहे" म्हणालात. घरी येताना मी मात्र सारखी बोलत होते. किती वाचले, किती वाचले!

मग त्या उन्हाळ्यात आपण पावस गावाला गेलो. तुम्ही, मी आणि आई. रस्त्याकडेच्या टपरीवर सरबत घेत होतो, तेवढ्यात एक बागायतदार आला. माझ्याहूनही लहान असेल. नंबर बघून थांबला. "अरे, ही तर आमचीच गाडी!" त्याने बॉनेटवर थाप मारली आणि तुम्हाला म्हणाला, "तुझ्याकडे आली होय? बरं झालं. वापर, वापर. आमच्याकडची वस्तू आहे, काही बघायला नको."

बिचारा कौतुकानेच बोलत होता. तुम्ही ग्लास हातात धरून उभे राहिलात आणि म्हणालात, "होय साहेब."

साहेब! डेपो मॅनेजरला तोंडावर सुनावणारा माझा बाप, त्या पोराला साहेब म्हणाला.

आणि मी त्याला 'थँक्यू' म्हटलं.

परतताना तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "गाडी चांगलीच आहे गो. तुझा हिशोब बरोबर होता." का म्हणालात असं? ओरडायचं होतं ना मला! तुम्ही ओरडला असतात तर मी भांडले असते, रडले असते, आणि कदाचित ती गाडी विकून टाकली असती. तुम्ही मला बरोबर ठरवलंत आणि मीही बरोबर राहिले, तुमचं हृदय बंद पडेपर्यंत.

तुम्हाला जाऊन वर्ष व्हायचंय. ह्या पावसाळ्यात पांढऱ्या गाडीच्या दाराखालचा पत्रा गंजून गेला, तेव्हा नवीन गाडीचा विषय निघाला. तुमची नात म्हणाली, "आई, सेकंड हँडच बघूया ना. तूच आजोबांना सांगितलं होतंस." मी म्हटलं, "नको, नवीच घ्यायची." ती म्हणाली, "का?" मला हवी होती, एवढंच. माझ्या वेळी मला कारणाची गरजच पडली नाही, आप्पा!

आज शोरूममध्ये गाडीवर लाल कापड घातलं होतं. मी सीटवर बसले, प्लास्टिक करकरलं आणि मला रडू आलं. तिथल्या मुलीला वाटलं, आनंदाने रडतेय. तिने फोटो काढला.

येताना आई पुढे बसली होती. मी तिला हे सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पैसे त्यांचेच होते. तुला विचारायची काय गरज होती? पोरगी शिकलेली, तिने 'घ्या आप्पा' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं."

मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

आईने पाठीवरून हात फिरवला, पण 'जाऊ दे' म्हणाली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मला पैठणी हवी. निळी. सेलमधली नको." पासष्टाव्या वर्षी! कुठे नेसणार, कितीदा नेसणार, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी ओठ घट्ट मिटले.

आप्पा, रविवारी तिला दुकानात घेऊन जाते. ती सगळे रंग उघडायला लावेल, खांद्यावर टाकून आरशात बघेल, तोवर मी बाजूच्या स्टुलावर बसेन. किमतीची चिठ्ठी उलटून बघणार नाही. आणि तिने विचारलं, "घेऊ?", तर पहिला शब्द 'घे' हाच निघेल. तुम्हाला वचन देते.

जय भीम.

तुमची,
माई