लग्नपत्रिकेचं पाकीट

आई,

तुम्ही भद्रा मारुतीहून येईपर्यंत मी मुकुंदवाडीच्या दवाखान्यात कामावर रुजू झालेली असंन. भाकरी फडक्यात आहेत, वरण झाकून ठेवलंय.

तांदळाच्या डब्यात रबर लावून ठेवलेली सगळ्यांची आधार कार्डं मी काढली. आमच्या लग्नाची एक पत्रिका उरली होती, तिचं घड्या घालून पाकीट केलंय. गोंद नाय, टाचणी नाय. कागद लई जाड, म्हणून घडीवर चमच्याची पाठ फिरवली. दोन खण आहेत. एकात तुमचं आणि ह्यांचं कार्ड आहे. दुसरा रिकामा दिसंल, त्यात तुमचं एसटीचं कार्ड ठेवा.

माझं कार्ड मी सोबत नेलंय, आता ते माझ्यापाशीच राहील. महिनाभर मागितलं, तुम्ही "बघू" म्हणत राहिलात, म्हणून आज विचारलं नाय. सहाला येते. चहा मीच करीन.

पाकिटाची पहिली घडी घातली तेव्हा ह्यांचं नाव वर आलं आणि माझं आत दबलं. मग सगळं उलगडलं आणि परत घडी घातली.

सायली