पालथा पेला

मळमड्डी, धारवाड
दि. २१ फेब्रुवारी १९७९

चि. महादेव यास दगडूअण्णाचे आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत, तुमची खुशाली कळव. तुझ्या लक्कव्वाचा खोकला गेला का? तिला म्हणावं, ओवा गरम करून छाती शेक. चंद्रभागेचा गुडघा आहे तसाच. नळाला पाणी नव्हतं, आज आलं. मी चौथीपर्यंत शिकलेला, अक्षर लागणार नाही कदाचित. पण दुसऱ्याकडून वाचून घेऊ नकोस. सावकाश लाव, पण तूच वाच.

आमच्या इंदूचं लग्न ठरल्याचं तुला कळलं असेल. कळलं म्हणजे काय, रविवारी तू बघितलंसच.

ते हॉटेल मी निवडलं नव्हतं रे. गोविंदराव, म्हणजे मुलाचे वडील, म्हणाले आमच्या विद्यानगरहून जवळ पडतं. तू तिथं कामाला आहेस हे मला ठाऊक. पाटी बघूनच मी पायरीखाली थांबलो. म्हणालो, "दुसरीकडे जाऊ, इथं फार गर्दी." ते हसले. "काय हो दगडूराव, गर्दी बघून हॉटेलवाला घाबरतो होय?"

मध्यस्थानं त्यांना सांगितलं होतं की मी हॉटेलात गल्ल्यावर बसायचो. मी तसं म्हणालो नव्हतो. पण गोविंदरावांनी विचारलं तेव्हा मान हलवली. जन्मभर सप्लायर होतो, लोकांची उष्टी टेबलं पुसली, हे तोंडातून निघालंच नाही. मुलगा बँकेत आहे, महादेव. असं स्थळ इंदूला परत कुठून यायचं?

तू नेहमीसारखं 'या अण्णा' म्हणायला गेलास, "बर्री अण्..." एवढं म्हणालास आणि माझं तोंड बघून थांबलास. लगेच, "काय देऊ साहेब?" मला हायसं वाटलं. तुझं काय झालं असेल हे तेव्हा मनात आलंच नाही. उलट भीती वाटत राहिली, की हा आत जाऊन कुणाला सांगेल. हेही लिहून टाकतो.

मग बडीशेपेच्या बशीत बिल आलं. आपली रीत तुला मीच शिकवली होती. दुसऱ्याच्या हॉटेलात खाल्लं की बशीत टिप्स ठेवायची नाही, उठताना आपला पेला पालथा घालायचा. म्हणजे मी तुमच्यातला, मला गिऱ्हाईक समजू नका. तू माझ्या पेल्याकडेच बघत उभा होतास. मला दिसत होतं.

गोविंदराव म्हणाले, "तुम्ही धंद्यातले, तुम्हीच सांगा, यांना किती ठेवायचं? जास्त दिलं की माजतात म्हणे."

मी दोन रुपयांची नोट ठेवली. पेला तसाच राहू दिला. आणि म्हणालो, "एवढं पुष्कळ झालं या लोकांना."

या लोकांना.

तू सलाम केलास. मी दारातून मागं वळून बघितलं, तर तू फडकं फिरवत होतास. टेबल पुसून झाल्यावर माझा पेला उचललास आणि तूच पालथा घातलास.

महादेव, शिव्या दिल्या असत्यास तर घरी येऊन जेवलो असतो. आता पाणी प्यायलं की पेला हातातच राहतो, खाली कसा ठेवावा कळत नाही. चंद्रभागा म्हणते, "लग्न पोरीचं, आणि भ्रम तुम्हाला झालाय."

काल इंदूला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "अप्पा, माझ्या लग्नात महादेवकाका आले की त्यांच्या हातावरही दोन रुपये ठेवणार काय?" भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "तुम्ही सांगून या. नाहीतर मी सांगते."

तर आता हे पत्र पेटीत टाकून तसाच विद्यानगरची बस धरणार आहे. गोविंदरावांना सांगणार, मी गल्ल्यावर एक दिवस बसलो नाही, आणि रविवारी आपल्याला ज्यानं वाढलं तो माझा माणूस. वाटेत उतरून परत येईन की काय, माझा मला भरवसा नाही. म्हणून आधी तुला लिहिलं. पत्र पेटीत पडलं की मागं फिरायला तोंड राहणार नाही.

लग्न टिकलं तर लक्कव्वाला घेऊन आदल्या दिवशीच ये. पंगतीत वाढायला उठलास तर बघ, माझ्या शेजारी बसायचं. मोडलं तरी ये. मग तर येच. दोघं जेवू आणि दोघांचे पेले मीच पालथे घालीन.

'या लोकां'तलाच,
दगडूअण्णा,
सप्लायर