काचेआडचं ऊन

३ मार्च

चि. भिंगरी हिस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझी मान आता कशी आहे? ती दगडासारखी उशी बदललीस का? खोलीतल्या मैत्रिणीची दाढ काढली की अजून गाल धरूनच बसली आहे? घरमालकिणीचे गुडघे काय म्हणतात? आणि तुमच्या कॉलेजच्या गोठ्यातली ती लाथाळ गाय? एकेकाचं वेगवेगळं कळव. 'सगळे मजेत' असं घाऊक उत्तर मला चालत नाही. माझ्या कानांचं विचारशील, तर ते ठारच. फोनवर तू बोलणार आणि मी अंदाजाने हो हो करणार, त्यात कसली गोडी? म्हणून पत्रच बरं.

आता घाईचं. तुझ्या बाबाने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, कासवाचं नाव घाई ठेवलं तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं होतं. तो गेल्यापासून मीच घरभर विचारत फिरते, घाई कुठे गेली, घाई जेवली का. कपडे शिवायला टाकणाऱ्या बायकांना वाटतं, या म्हातारीला एवढी कसली घाई! तू शिकायला निघालीस तेव्हा तिला माझ्या मांडीवर ठेवलंस आणि म्हणालीस, बाबांचं जिवंत असं एवढंच उरलंय, जप. तर ऐक, कशी जपते ते.

मागच्या आठवड्यात शेजारचं मांजर खिडकीतून आत आलं आणि घाईच्या पाठीवर पंजे रोवून बसलं. ती चिलखतात, तिला काय व्हायचंय; पाणी पाणी झालं ते माझं. खिडकी लावून घ्यावी, तर तू बजावून गेलीस की तिला रोज ऊन मिळालंच पाहिजे. मग मी शक्कल लढवली. गल्लीतल्या काचवाल्याला बोलावलं आणि खिडकीला जाड, लख्ख काच बसवून घेतली. आता मांजर बाहेर आणि ऊन आत! माझ्या शिलाई मशीनशेजारी उन्हाचा चौकोन पडतो, त्यात घाई पसरते. ऊन सरकलं की तीही सरकते. खायला काकडी, टोमॅटो आणि दुधात भिजवलेला पाव. काचवाला माझ्या कानाशी ओरडून म्हणाला की एवढी बडदास्त असेल तर पुढच्या जन्मी आपणही कासवच होणार. मी म्हटलं, हो बाबा, पण आधी या जन्मीची काच नीट बसव.

माया आहेच, पत्र पाठवून ती ताजी ठेव.

तुझी आत्या


२६ मार्च

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

मान बरी. दाढ काढली. गुडघे तसेच. गाईने परवा मलाच लाथ मारली. झालं का एकेकाचं?

परीक्षा तोंडावर आहे, म्हणून चार ओळींवर भागव. काचेची कल्पना छान! बाबा असते तर बाहेर मांजरालाही बसायला खुर्ची टाकली असती. घाईच्या पाठीवर माझ्या नावाने एक थाप मार. पुढचं पत्र लांबलचक लिहीन, अगदी नक्की.

रागावू नकोस, लोभ आटू देऊ नकोस.

तुझी भिंगरी


९ डिसेंबर

चि. भिंगरीस आत्याचे आशीर्वाद.

तुझं ते लांबलचक पत्र वाटेत थकून कुठेतरी बसलेलं दिसतं. असू दे. गुरांची डॉक्टरीण झालीस, दूधवाल्यांच्या मोठ्या गोठ्यावर नोकरी लागली, हे तुझ्या मैत्रिणीच्या आईकडून कळलं. ऊर भरून आला. तुझ्याकडून कळलं असतं तर आणखी भरला असता, एवढंच.

मी ठीक. दोऱ्याला सुई सापडत नाही आणि सुईला मी, पण काम चालू आहे. आज मुद्दाम लिहायला बसले ते एका गमतीसाठी. घाईची पाठ मऊ झाली आहे! थट्टा नाही. अंगठ्याने दाबली की जराशी आत जाते आणि पुन्हा वर येते, तान्ह्या बाळाची टाळू असते ना, अगदी तशी. आयुष्यभर कापड चाचपून पाहिलं, माझा अंगठा फसायचा नाही. मला वाटतं, बिचारी इतकी वर्षं अंग चोरून, कडक होऊन राहिली. आता इथे रुळली. मायेने माणसं मऊ होतात, मग कासवाने काय घोडं मारलंय? येणाऱ्या-जाणाऱ्याला मी कौतुकाने दाबून दाखवते.

चालणं मात्र कमी झालंय. मागचे पाय ओढते. ते माझेही ओढतातच, दोघींचं वय झालं. खाणंही मंदावलंय, काकडी नुसती तोंडात धरून बसते. म्हणून पाव-दूध जरा वाढवलंय. ऊन रोज देते, एक दिवस चुकवलेला नाही.

तुला घाईची आठवण येते का? एका ओळीत कळवलंस तरी तिला वाचून दाखवीन. माया राहू दे.

तुझी आत्या


१४ डिसेंबर

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

आत्या, हे पत्र कुरिअरने पाठवतेय. तुझं पत्र गोठ्यात उभ्यानेच वाचलं. आधी काम सांगते, मग बाकीचं.

घाईची पाठ कृपा करून दाबू नकोस, कोणालाही दाबू देऊ नकोस. ती पाठ म्हणजे हाड आहे. मोठ्या कासवाची पाठ मऊ होणं म्हणजे आतली हाडं खचत चालली आहेत. पाय ओढते ते वयाने नाही. तोंडात काकडी धरून बसते, कारण तिचा जबडाही मऊ पडला असणार, तिला चावताच येत नसेल.

काच आजच काढ. काचेतून उजेड येतो, ऊब येते, पण कासवाची हाडं ज्या किरणांवर पोसतात ते किरण काच आत येऊच देत नाही. तुला दिसत होतं ते ऊन होतं, तिला मिळत होता तो नुसता उजेड. पाव-दूध बंद कर. कोवळा हिरवा पाला बारीक चिरून दे. आणि तिला उद्याच सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे ने, पत्ता मागे लिहिला आहे. कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात जाऊ नकोस. मी स्वतः गाईगुरांची, कासवं आम्हाला एका दुपारी शिकवून संपवली. पण काचेचं मला माहीत होतं, आत्या. तुझं मार्चचं पत्र पेटीतून काढून पुन्हा वाचलं. तू सगळं लिहिलं होतंस, काच, पाव, सगळं. आणि मी 'छान' म्हणून मोकळी झाले.

रजा मागितली आहे. सव्वीस तारखेला पोचते. तोवर तिला धरून ठेव. लोभ असू दे, माझी लायकी नसली तरी.

तुझी भिंगरी


२२ डिसेंबर

चि. भिंगरी हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

घाई गेली, बाळा. तू दारात येऊन विचारशील आणि मला ते तोंडाने सांगावं लागेल, ते जमणार नाही, म्हणून लिहिते.

पत्र आलं त्याच दिवशी काचवाल्याला हाक मारली. त्याने खुणेने विचारलं की काच तडकली का. मी तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. वाचून झाल्यावर त्याने लगेच काच काढली आणि घाईला घेऊन जायला गाडीही त्यानेच काढली. तयार कपडे द्यायच्या खोक्यात जुनं फ्लॅनेलचं कापड घालून तिला मांडीवर घेतलं.

डॉक्टरीणबाई फार समजूतदार. माझ्या कानांचं लक्षात येताच पाटीवर लिहून बोलल्या. आतला फोटो काढला आणि उजेडासमोर धरला. मला त्यातलं काय कळणार, पण विरलेलं कापड मला कळतं. दिव्यासमोर धरलं की आरपार दिसतं, तशी तिची हाडं दिसत होती. मी विचारलं, काही रफू करता येईल का. त्यांनी औषधं दिली, किरणांच्या दिव्याखाली ठेवलं, नळीने पोटात अन्न घातलं. मी रोज जाऊन बसत होते. पण विरलेल्या कापडाला टाका घातला की टाक्याशेजारीच फाटतं. तिचं तसंच झालं. उचलताना मांडीचं हाड मोडलं, मग दुसरं. काल त्यांनी पाटीवर लिहिलं की औषधांनी दिवस वाढतील, पण ते दुखण्याचेच असतील. इंजेक्शन देऊन शांत झोपवता येईल. निर्णय माझ्यावर सोडला.

तू सव्वीसला येणार होतीस. तोवर धरून ठेव, असं लिहिलं होतंस. मी पाटी मांडीवर घेऊन पुष्कळ वेळ बसले. तुझ्यासाठी थांबवावं, तर दुखणं तिचं. नाही थांबवलं. मला माफ कर किंवा करू नकोस, पण मी नाही थांबवलं.

आधी तिला दवाखान्याच्या अंगणात नेऊ द्या म्हटलं. वर काच नाही, छप्पर नाही. मांडीवर घेऊन बसले. तिने मान हळूहळू बाहेर काढली, मला माहीतच नव्हतं तिची मान एवढी लांब आहे, आणि डोळे मिटून उन्हाकडे तोंड करून राहिली. तिथेच बाईंनी सुई दिली.

आयुष्यभर गावाची मापं घेतली, तिचं माप काल पहिल्यांदा घेतलं. आपल्या मागच्या परसात पुरली आहे, मऊ सुती पिशवी शिवून.

खोटं लिहीत नाही, एक रात्र तुझा फार राग आला. वाटलं, या पोरीने एक पत्र नीट वाचलं असतं तर. मग वाटलं, एवढं कापड चाचपून माझ्या अंगठ्याला तरी काय कळलं? जे मोडत होतं, त्याचं मी कौतुक करत बसले. राग दोघींत वाटून घेतला, आता माझ्या वाट्याचाच उरला आहे. तुझ्या वाट्याचा तू उगाच वाढवू नकोस.

मला भीती वेगळीच आहे. तू उशिरा लिहायचीस, चार ओळी लिहायचीस, पण घाईसाठी का होईना, लिहायचीस. मीही कागद भरायचे तो तिच्याच नावाने. आता इथून कळवण्यासारखं काही उरलं नाही. नुसती आत्या आहे. रजा रद्द करू नकोस, ये. आणि येणं जमलं नाही, तर निदान पत्र लिही. काही लिहायला सुचलं नाही तरी लिही. लवकर लिही, मी दारातच बसते.

तुझी आत्या