हालचाल नाही

२ एप्रिल
आज नोकरीवर रुजू झाले! तारनाक्याची ही व्यायामशाळा बाहेरून गोदामासारखी दिसते, पण आत पाऊल टाकलं की माठातल्या पाण्यासारखा गारवा. मालक प्रतापरावांनी स्वतः फिरवून दाखवलं. पूर्वी पत्र्याखाली पोरं भाजून निघायची. आता छताला पांढरा रंग, खिडक्या बुजवून आत फोम, वर संथ फिरणारे अवाढव्य पंखे. प्रत्येक दिव्याशेजारी सेन्सर. माणूस हलला की तेवढाच दिवा लागतो, तिथलाच पंखा फिरतो. कुणी नसलं की सगळं बंद, आणि दारालाही आपोआप कुलूप. विजेचं बिल निम्म्यावर आलं, असं ते छाती फुगवून म्हणाले. हे सगळं सांभाळायचं कुणी? तर देगलूरच्या शिवानीनं! रेणूमावशीनं विद्यानगरातल्या तिच्या शेजारणींना माझा पगार सोडून सगळं सांगून टाकलंय.

८ एप्रिल
सकाळ-संध्याकाळ पोरापोरींचा नुसता गोंधळ असतो. दोरावर चढतात, कोलांट्या मारतात, आणि मी ऑफिसातल्या पडद्यावर त्यांच्यामागे पळणारे दिवे बघत बसते. दुपारी हॉल रिकामा. झाडलोट करणाऱ्या भामाबाई उदगीरकडच्या, माझ्यावर भारी जीव. पण दुपारी एकट्या आत जात नाहीत, मला दंडाला धरून नेतात. कारण विचारलं तर नुसतं ‘चल गं’ म्हणतात.

१४ एप्रिल
जयंतीची सुट्टी. बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करून, पांढऱ्या साडीतच सहज हॉलवर डोकावले. पडद्यावर सगळीकडे ‘हालचाल नाही’. फक्त गाद्यांच्या ढिगाजवळ ‘हालचाल’. दार उघडलं. तिथला दिवा चालू, पंखा फिरतोय, माणूस नाही. पाल असेल म्हणून सेन्सर पुसला. वरची गादी मात्र घामानं ओली होती. हात लावला तर गरम.

१९ एप्रिल
नवा सेन्सर बसवला. तरी तेच. प्रतापराव म्हणाले, परेशान कशाला होता, तो दिवाच काढून टाका. तारा मी माझ्या हातानं तोडल्या. दुपारी दिवा लागलेला होता.

२२ एप्रिल
भामाबाईंनी आज सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात सौरभ नावाचा फिटर इथं फोम भरत होता. शनिवारी त्याला चक्कर आली, गाद्यांआड आडवा झाला. यंत्रणेची चाचणी चालू होती. तो हलेना, म्हणून यंत्राला हॉल रिकामा वाटला. दिवे गेले, हवा बंद झाली, दार लागलं. तेव्हा एकदा कुलूप पडलं की शुद्धीवर येऊन कितीही हललं तरी काही सुरू होत नसे, आणि दार तर आतून उघडतच नाही. सोमवारी दार भामाबाईंनीच उघडलं.
“नखं फुटली होती गं त्याची, दार खरवडून,” म्हणाल्या आणि पदर तोंडात कोंबला.
प्रतापरावांनी प्रेत परस्पर हलवलं आणि सगळ्यांना सांगितलं, पोरगा काम सोडून पळाला. भामाबाईंना दम दिला. त्याची आई अजून फोन करते.

२३ एप्रिल
प्रतापरावांना तोंडावर विचारलं. आतून उघडणारी कडी बसवा आणि पोलिसांत चला, नाहीतर मी एकटी जाते, असं बजावलं. ते रडले. शनिवारी मिस्त्री येईल, सोमवारी दोघं मिळून चौकीत जाऊ, म्हणाले. मला त्यांची दया आली.

२५ एप्रिल, शनिवार
कडी कुठं बसवायची ते दाखवायला त्यांनी मला आत आणलं. मिस्त्रीला घेऊन येतो म्हणून बाहेर गेले. दार लागलं. दिवे गेले.
मोबाईल ऑफिसात चार्जिंगला. दोन दिवस हॉलला सुट्टी. मी इथूनच गावी लग्नाला जाणार, असं मावशीला सांगून निघाले होते. तिला वाटेल पोचले.

हात हलवले, उड्या मारल्या, ओरडले. एकही दिवा नाही. त्यांनी बाहेरून सगळंच बंद केलंय. अंधारात लिहितेय, अक्षरं एकमेकांवर चढत असतील. दाराच्या आतल्या बाजूला बोटं फिरवली. ओरखडे आहेत. खालपर्यंत.

गाद्यांपाशी दिवा लागला.

गुदमरतंय. तिथं पंखा फिरतोय. वारा इथवर येत नाही. जायला पाहिजे — नाही —

गेले. दिव्याखाली बसलेय. गार आहे. शेजारची गादी दबते, उठते. कुणी श्वास घेतल्यासारखी. मी हळूच म्हटलं, सौरभ, तुझ्या आईला मी सांगेन. गादी माझ्याकडे सरकली.

मी बोलले की तो हलतो. तो हलला की हवा येते. थांबले की दिवा मंद — म्हणून बोलतेय. शाळेतल्या कविता, मावशीचा पत्ता, काहीही —

घसा सुकलाय. आवाज नाही फुटत.
गादी हलत नाही.

पंखा थांबला. दिवा लाल झालाय. सौरभ, झोपू नको रे. एकदाच —

त्याचा हात सापडला. थंड — मी हलवते, मीच त्याचा हात हलव