दातिनचा पाय

५ ऑगस्ट, सोमवार

हो, घेतली लुंगी. घेतली! दोरीवर वाळत होती, हाताला लागली. तिच्यावर काय लिहिलं होतं, ‘अमाक साहनान यांची नमाजाची’ म्हणून? कालपासून तेच ऐकतोय. खोलीत आम्ही दोघंच, मी आणि अमाक. त्यातला एक तोंड फिरवून झोपतो, आणि तोंड उघडलंच तर लुंगीसाठी!

दातिनचा, माझ्या कोंबडीचा, पाय बघायचा तर तिला गुंडाळायला कापड हवं होतं. डोळे झाकले की कोंबडी गप्प होते, आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. झाली गप्प. पाय धरेपर्यंत! मग पंख सोडवून माझ्या थोबाडावर दोन तडाखे, लुंगीवर जे करायचं ते केलं, आणि खाटेखाली पसार. अमाक म्हणाले, “आता दहा पाण्यांनी धुतलीस तरी मी ही नेसायचो नाही.”

६ ऑगस्ट

दातिनच्या तळव्याला सुपारीएवढी गाठ. मधोमध काळी खपली. पामच्या झावळीचा काटा. आणि झावळी मीच पाडलेली, दुसरं कोण! दिवसभर मळ्यात लांब बांबूला बांधलेल्या कोयत्याने काटेरी झावळ्या पाडायच्या आणि संध्याकाळी त्यांच्यातूनच कोंबडी फिरायला न्यायची. वा रे अक्कल!

इथे बड्या साहेबाच्या बायकोला दातिन म्हणतात. तशीच मान ताठ ठेवून चालायची, म्हणून नाव दातिन. आता एका पायावर उभी असते, दुसरा पोटात ओढून.

मुकादम बघून गेला. “आजारी पाखरू खोल्यांपाशी नको. बाकीच्यांच्याही कोंबड्या आहेत. रविवारपर्यंत चालली तर चालली, नाहीतर रस्सा.” दारातून परत वळून म्हणाला, “तंगडी माझी हं.”

८ ऑगस्ट, गुरुवार

लाल औषध, मलम, जाळीची पट्टी, चिकटपट्टी. अडतीस रिंगिट! खुद्द दातिन वीसला घेतली होती.

औषधवाल्या बाईने विचारलं, “कुणाला लागलंय?” म्हटलं, मला. पायाला. ती माझ्या पायांकडे बघायला लागली. मग काय करणार, लंगडत बाहेर पडलो. थेट वळणापर्यंत लंगडलो! उजवा की डावा ते मध्येच विसरलो, म्हणून दोन्ही.

संध्याकाळी आईचा फोन. “या खेपेला पैसे कमी का रे?”

म्हटलं, पायात काटा गेला, पिकला, औषधाला गेले.

आता यात खोटं काय? काटा होता, पाय होता, औषध होतं. कुणाचा पाय ते तिने विचारलं नाही. ती रडवेली झाली तेव्हा सांगायला हवं होतं. पण कोंबडीवर पैसे उडवले म्हणून शिव्या खायच्या गावाकडून, लॉम्बोकहून? फोनचे पैसे तिचेच. ठेवला.

९ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारची सुट्टी. कोमट पाण्यात मीठ घातलं, तिने भांडं उलटलं. परत केलं, परत उलटलं. तिसऱ्यांदा पट्टी बांधली ती माझ्याच अंगठ्याला. तिने चोच मारली होती.

अमाक मशिदीतून येऊन खाटेवर पडल्या पडल्या बघत होते. पाच दिवसांत पहिल्यांदा लुंगीशिवाय बोलले. “कोंबडी कुठे घाबरलीये? घाबरलायस तू. छाती धडधडते तुझी, ती तिला ऐकू येते. आण इकडे.”

“कशात गुंडाळू?”

“आहे ना ती माझी लुंगी! आता दुसऱ्या कशाच्या लायकीची राहिली नाही.”

अमाकनी पंख अंगाशी चापून गुंडाळले, पाय तेवढे बाहेर, डोक्यावर पदर. आणि ठेवली स्वतःच्या पोटावर. काय ते पोट! माझ्याकडे तसं असतं तर मीही डॉक्टर झालो असतो. मानेवरून बोट फिरवत काहीतरी गुणगुणायला लागले. मी पाय पाण्यात धरला. दातिन हूं नाही की चूं नाही. गुणगुणणं थांबलं. बघतो तर अमाक घोरतायत! पोट वर, खाली. दातिन वर, खाली. मी मधे श्वास रोखून. एक जागा झाला तर दुसरी उठणार.

खपली भिजून सुटली. आतून पिवळा, कडक खडा निघाला, शिजलेल्या डाळीएवढा. औषध लावलं, पट्टी बांधली, आणि मग मला चक्कर आली. ताडमाड उंचीवरून घड पाडणारा गडी कोंबडीच्या पायापाशी भुईवर बसला!

अमाक जागे झाले. “झालं? मग मला हाक नाही मारायची? मी धरली असती की!”

११ ऑगस्ट, रविवार

मुकादम हजर. दातिनने पाय टेकला. दोन पावलं ठीक, तिसरं लंगडं.

“ही चाल?”

अमाक म्हणाले, “पगाराच्या दिवशी तू चालतोस, त्यापेक्षा सरळ आहे.”

सगळी चाळ हसली. मुकादमही हसला. एक आठवडा दिला.

१४ ऑगस्ट

रोज तेच. पाणी, औषध, घोरणं. लुंगी आता अमाक स्वतःच धुतात. मला हात लावू देत नाहीत, म्हणे तू नीट पिळत नाहीस.

आईचा फोन नाही. पैशांवरून रुसली असणार.

१८ ऑगस्ट, रविवार

चालली! अंगणभर चालली, मान ताठ! मुकादमाच्या बुटाजवळचा भात टिपला. तो म्हणाला, “जा, जगा दोघंही.” मी छाती काढून खोल्यांवरून फिरून आलो. पलीकडच्या खोलीतल्या हाजीबाईंनी त्यांचं बदक पाय दाखवायला आणलं. बघतो म्हणालो. चौथी नापास, पण बघतो!

१९ ऑगस्ट

धाकटी बहीण मुनिसा फोनवर. “दादा, पाय कसा आहे?” शुक्रवारी आईने माझ्या पायासाठी दुवा करवली. सगळी आळी जेवली. मी विचारलं, वाढलं काय? मुनिसा म्हणाली, “आईने तिन्ही कोंबड्या कापल्या. अंड्यावरच्या होत्या, मी म्हटलंही. तर म्हणाली, पोराच्या पायापुढे काय.”

अमाक ऐकत होते. हसले नाहीत.

आईला पाठवतोय: शंभर रिंगिट.